आमच्या घरात नसलेले फोन

गेल्या सोळा महिन्यांत तेवीस अनोळखी माणसे आमच्या दारात येऊन आपला हरवलेला फोन परत मागून गेली. त्यांपैकी कोणीही दुसऱ्या कोणाला ओळखत नव्हते. प्रत्येकाजवळ कुणाचा तरी उसना फोन होता, त्यावर शहराचा नकाशा होता आणि नकाशावरचा लाल ठिपका आमच्या बैठकीच्या खोलीवर होता. त्यांच्यापैकी एकाचाही फोन आमच्या घरात नव्हता.

पहिले गृहस्थ आले तेव्हा मी दाढी करत होतो. दार उघडले तर समोर टाय लावलेली व्यक्ती आणि तिच्या चेहऱ्यावर अत्यंत सुसंस्कृत संताप. "हे बघा, मला वाद घालायचा नाही," ते म्हणाले. "फोन द्या आणि विषय संपवा." अर्ध्या गालावर साबण असताना माणसाला आपण चोर नसल्याचे पटवून देणे कठीण जाते, हे मी येथे केवळ नोंदवून ठेवतो.

मी एकतीस वर्षे वजने-मापे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम केले आहे. किलोग्रॅम म्हणवणारा लोखंडाचा तुकडा खरोखर किलोग्रॅम आहे का, एवढेच पाहण्यात माझी उमर गेली. त्या कामामुळे माणसाला दोन सवयी जडतात. एक, कुठल्याही आकड्यावर एकदम विश्वास न ठेवणे. दोन, तपासलेल्या वस्तूवर तारखेची चिठ्ठी चिकटवणे. निवृत्तीनंतर पहिली सवय शेजाऱ्यांना जाचक झाली आणि दुसरी घरच्यांना. आमचे भिंतीवरचे घड्याळ, स्वयंपाकघरातला काटा, इस्त्री, थर्मामीटर, फार काय, सासूबाईंची काठी, या सर्वांवर 'तपासले' अशी छोटी पिवळी चिठ्ठी आहे. खाली दिनांक आणि माझी सही. काठी उंचीच्या मानाने बारा मिलिमीटर आखूड निघाली होती. सासूबाईंनी ते मला अजून माफ केलेले नाही.

असा मनुष्य तिसऱ्या पाहुण्यानंतर काय करील? वही सुरू केली. पहिल्या दोघांनी देऊन ठेवलेले क्रमांकही तीत उतरवले. रकाने आखले: क्रमांक, दिनांक, वेळ, फोनची कंपनी, हरवल्याची तारीख, दुसरा संपर्क क्रमांक आणि आविर्भाव. आविर्भावाच्या रकान्यात 'नम्र', 'संशयी' आणि 'आक्रमक' अशा तीनच नोंदी चालत. नवव्या क्रमांकाच्या बाई नम्र आल्या आणि आक्रमक होऊन गेल्या, त्यामुळे तेथे खाडाखोड आहे. वहीतली ती एकमेव.

"अहो, दारात आलेल्या माणसाला पाणी विचारावं," बायको म्हणाली, "की त्याचा आविर्भाव लिहून घ्यावा?"

"दोन्ही करता येईल."

"येईल ना. पाणी मी देते आहे म्हणून येईल."

आमच्या खालच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहतात. व्यवसायाने ते विमा एजंट आहेत, त्यामुळे वाईट गोष्टींची शक्यता त्यांना इतरांच्या आधी दिसते. पाचव्या पाहुण्याला त्यांनी जिन्यात गाठून सगळी माहिती काढून घेतली आणि ते माझ्याकडे आले.

"काका, आग असल्याशिवाय धूर निघत नाही."

"निघतो. कोरड्या बर्फावर पाणी ओतून पाहा."

"हेच! तुम्ही विज्ञानवाले सरळ बोलत नाही, म्हणून लोकांना संशय येतो. बोर्ड लावा. स्वच्छ अक्षरात. विषय मिटेल."

मी बोर्ड लावला: 'या घरात हरवलेले फोन नाहीत. कृपया बेल वाजवू नये.' बोर्डाचा परिणाम दोन आठवडे मोजला. गॅसवाला, पोस्टमन आणि माझे साडू यांनी बेल वाजवणे बंद केले. हरवलेल्या फोनवाल्यांनी मात्र पूर्वीपेक्षा अधिक आत्मविश्वासाने वाजवली. आपण योग्य घरी आलो आहोत, हे त्यांना आता दारावरच लेखी मिळत होते.

"काका, बोर्ड जरा चोराच्या मनात चांदणं असा वाटतोय," सेक्रेटरी जिन्यातून वर पाहत म्हणाले.

"कल्पना तुमचीच होती."

"कल्पना माझी. मजकूर तुमचा."

याच सुमारास आमची भाची दोन दिवस राहून गेली. ती इस्पितळात क्ष-किरण काढते, त्यामुळे ती समंजस असेल असा माझा समज होता. जाताना तिने बोर्डाचा फोटो काढला, आणि आठवडाभरात आमचे घर इंटरनेटवरच्या न उलगडलेल्या गूढांच्या एका संकेतस्थळावर 'प्रकरण ३१७: फोन गिळणारे घर' म्हणून विराजमान झाले. प्रकरण ३१६ हे समुद्राच्या तळातून ऐकू येणाऱ्या गुणगुणण्याचे होते आणि ३१८ कोणालाही न वाचता आलेल्या एका हस्तलिखिताचे. आम्ही मध्ये.

मी चारशे सहा प्रतिक्रिया वाचल्या. आमच्या इमारतीखाली उल्का पुरलेली आहे. आमच्या बैठकीच्या खोलीत काळ किंचित सावकाश चालतो. (मी घड्याळ पुन्हा तपासले. दिवसाला दीड सेकंद मागे, म्हणजे सवयीप्रमाणेच.) एकाने लिहिले होते, 'घरमालक निवृत्त शास्त्रज्ञ आहे, यावरून काय ते समजा.' काय ते मला शेवटपर्यंत समजले नाही. या लेखनात मला खोटेपणा कुठेच दिसला नाही. माणसे प्रामाणिक होती. फक्त कारण सापडावे अशी इच्छा त्यांच्यापैकी कोणालाही नव्हती. एखाद्याने साधा प्रश्न विचारला, उदाहरणार्थ 'हे फोन हरवले कुठे होते?', की त्याच्या खाली कोणी काही लिहीत नसे. तो प्रश्न मीही वाचला आणि पुढे गेलो. हे लिहिताना मला लाज वाटते, पण नोंद पूर्ण हवी.

"मामा, तुम्ही प्रसिद्ध झालात," भाचीने फोनवर सांगितले.

"मी नव्हे. ठिपका."

चौदाव्या क्रमांकाच्या बाई या सगळ्यांहून वेगळ्या होत्या. त्यांचे बाजाराच्या मागच्या गल्लीत शिवणकामाचे छोटे दुकान आहे. पहिल्या दिवशी त्यांनी फोन मागितलाच नाही. त्या म्हणाल्या, "काका, फोन तुमच्याकडेच राहू दे. त्याच्यातले आवाज मला काढून द्या, बास."

दुकान मूळचे त्यांच्या आईचे. आईची नजर मंद झाली तेव्हा कात्री हातातून सुटली, म्हणून वर्षभर जमेल त्या दुपारी आईने लेकीच्या फोनवर एकेक काप तोंडी सांगून ठेवला: गळा, मुंढा, बाही, उतरत्या खांद्याच्या माणसाचा कोट, पाठीला बाक असलेल्या बाईचे पोलके. अशी बेचाळीस रेकॉर्डिंगे झाली. त्यानंतर आईला अर्धांगाचा झटका आला. हात सावरला, वाचा गेली. आता ती माणसांकडे पाहते, ओठ हलवते, पण शब्द येत नाहीत.

"दुसरीकडे उतरवून ठेवली नव्हती?" मी विचारले. विचारायला नको होते.

"सगळे हेच विचारतात," त्या म्हणाल्या. "आई रोज समोर होती ना, काका. समोर असलेल्या माणसाची कॉपी कोण काढतं?"

मी वहीत आविर्भावाचा रकाना कोरा ठेवला. त्या दर शनिवारी येऊ लागल्या. पाणी पीत, पाच मिनिटे बसत, "काही कळलं?" असे विचारत आणि जात. त्यांचा माझ्यावर विश्वास होता असे मी म्हणणार नाही. पण अविश्वासही त्या उघड करत नव्हत्या, आणि मला दर आठवड्याला तोलणाऱ्या त्या एकट्या व्यक्तीच्या तराजूत आपण बरोबर भरावे, असे मला फार वाटू लागले होते.

त्यासाठीच मी पोलीस ठाण्यात गेलो.

"तक्रार कोणाविरुद्ध?" अंमलदारांनी विचारले.

"ठिपक्याविरुद्ध."

त्यांनी मान वर केली. "तुमचं काय चोरीला गेलंय?"

"काहीच नाही. लोकांचे फोन माझ्याकडे आहेत असं नकाशा दाखवतो, आणि माझ्याकडे ते नाहीत. माझ्याकडे नाहीत, हीच माझी तक्रार आहे."

"साहेब," ते पेन खाली ठेवत शांतपणे म्हणाले, "माझ्याकडे काही नाही असं सांगणारी माणसं इथे रोज येतात. त्यांची तक्रार आम्ही लिहून घेत नाही. बहुधा त्यांना आम्हीच आणलेलं असतं."

बऱ्याच विचारविनिमयानंतर असे ठरले की त्यांनी घराची पाहणी करावी आणि काही सापडले नाही म्हणून दाखला द्यावा. मला कल्पना आवडली. एकतीस वर्षे मी लोकांना दाखलेच देत आलो होतो. अंमलदार आले, साक्षीदार म्हणून सेक्रेटरींना बोलावले. बैठकीची खोली निर्दोष ठरली, स्वयंपाकघर निर्दोष ठरले. मग अंमलदारांनी कपाटाचा खालचा खण ओढला आणि त्यात अकरा फोन निघाले.

ते आमचे होते. बटणांचे, सरकत्या झाकणाचे, काच तडकलेले; वीस वर्षांत कुटुंबाने वापरून बाजूला ठेवलेले. मध्यमवर्गीय घरात बंद पडलेली वस्तू टाकून देत नाहीत, तिला 'राहू दे, पुढेमागे लागेल' असे म्हणून आयुष्यभर सांभाळतात, हे अंमलदारांना ठाऊक असायला हवे होते. पण अकराही फोन ओळीने मांडलेले होते आणि प्रत्येकावर पिवळी चिठ्ठी होती: 'तपासले. बंद.' दिनांक. सही. त्याने फार वाईट दिसत होते.

"मी दहादा सांगितलं," बायको दारातून म्हणाली, "तो इंटरनेटचा जुना डबा आणि त्याचं पिल्लू देऊन टाकलंत, तसे हेही द्या म्हणून. तर नाही! पुढेमागे लागतील!"

लागले खरे. अंमलदारांनी खणाची यादी केली. त्यांना बिचाऱ्यांना बराच वेळ लागला. सेक्रेटरी फक्त "अकरा" एवढेच दोनदा पुटपुटले. संध्याकाळी सूचनाफलकावर कागद लागला: 'पुढील रविवारी विशेष सभा. विषय: दुसऱ्या मजल्यावरील फोन.'

शनिवारी बाई आल्या त्या बसल्या नाहीत. "तुमच्याकडे फोन सापडले म्हणे," त्या म्हणाल्या. "मला एकदा बघू दे."

मी खण काढून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी प्रत्येक फोन उचलून, उलटा करून, पुन्हा त्याच जागी ठेवला. अकरावा ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "यात नाही." आणि मग, माझ्याकडे न पाहता, "दुसरा खण आहे?"

माझ्या आयुष्यात माझ्या मापावर अनेकांनी शंका घेतल्या. व्यापाऱ्यांनी घेतल्या, वरिष्ठांनी घेतल्या, एकदा तर न्यायालयात घेतली गेली. पण त्या तीन शब्दांइतके काही लागले नव्हते. बायकोने घरातले सगळे खण उघडले. त्यात चिमटे, दोरे, पेन्सिली, फ्यूजच्या तारा होत्या. बाई ते सगळे पाहून खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

"तुमचं नाही," मी म्हणालो. "तुम्ही मोजून पाहिलंत. मी एवढे दिवस नुसतं लिहून ठेवलं." आणि मी तो प्रश्न विचारला, जो सोळा महिने वहीच्या कुठल्याच रकान्यात नव्हता. "तुमचा फोन शेवटचा तुमच्या हातात कुठे होता?"

"बसमध्ये. खिडकीपाशी बसून बाहीचा काप ऐकत होते. उतरले, दुकान उघडलं, तर फोन नाही."

मी वही उघडली आणि बायकोच्या फोनवरून एकेकाला विचारू लागलो. बाईंखेरीज बावीस जण. सोळा जणांनी फोन उचलला. पंधरा जणांनी त्या दिवशी बसने प्रवास केला होता. सोळाव्याने मला आक्रमक उत्तर दिले.

"मग तुमचाही टाका बसमध्ये," बायको उपरोधाने म्हणाली. विज्ञानातले कितीतरी प्रयोग प्रथम घरातल्या कोणीतरी असेच सुचवले असावेत. मी टाकायला निघालो.

फोन हरवणे वाटते तितके सोपे नाही. पहिल्या बसमध्ये मी तो सीटवर ठेवून उतरलो, तर एका आजींनी खिडकीतून हाक मारली, "अहो, फोन! डोकं घरी ठेवून येता का?" दुसऱ्या खेपेला एक कॉलेजची मुलगी दोन थांबे आधी उतरून धापा टाकत माझ्यामागे आली. मी तिचे आभार मानले. खोटे आभार मानण्याचा माझा तो पहिलाच प्रसंग. या शहरात आमचे घर चोरांचा अड्डा म्हणून गाजत होते आणि प्रत्यक्षात एक फोन हरवायला मला तीन बसगाड्या लागल्या. शेवटी तो मी सीट आणि पत्र्याच्या मधल्या फटीत खोल सारला आणि चेहरा निर्विकार ठेवून उतरलो.

बाईंना थांबवून घेतले होते. बायकोच्या फोनवर आम्ही तिघे ठिपका पाहत बसलो. ठिपका बाजाराच्या रस्त्याने गेला, नदीच्या पुलावरून गेला, शेवटच्या थांब्यावर वळला आणि बस डेपोत जाऊन थांबला. अर्धा तास तो हलला नाही. मग अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, मध्ये कोणताही रस्ता न घेता, तो डेपोतून नाहीसा झाला आणि आमच्या बैठकीच्या खोलीत उमटला.

बाईंनी खुर्चीवर पाय वर घेतले. बायकोने माझ्याकडे पाहिले. मी सोफ्याखाली वाकून पाहिले. का पाहिले, याचे शास्त्रीय स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही.

"घ्या," बायको म्हणाली. "चोविसावं गिऱ्हाईक तुम्हीच. आविर्भाव काय लिहू?"

आणि इथे एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली. आतापर्यंतच्या तेवीस जणांना ठिपका खरा वाटला, म्हणून ते ठिपक्याकडे आले. ठिपका खोटा आहे हे नक्की ठाऊक असलेला मी पहिलाच फोनवाला होतो. ज्याला ठिपका दिसतच नाही, असा माणूस बसमध्ये हरवलेली वस्तू शोधायला कुठे जातो? जिथे कोणताही शहाणा माणूस पूर्वी जात असे, तिथे. बस डेपोतल्या हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात. ते एक वाजता बंद होते. मी आणि बाई रिक्षाने गेलो.

कार्यालय डेपोच्या तळघरात आहे. पायऱ्या उतरून गेलो तर लांबट खोली, खिडकी एकही नाही, दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या मांडण्या. पण मांडण्यांवर पुस्तके नव्हती. छत्र्या, डबे, एक बासरीची पेटी, कुबडीची जोडी, आणि एका फळीवर ओळीने फोन, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली तारखेची पट्टी. टेबलामागे बसलेल्या वयस्क कारकुनाने आम्हाला पाहिले आणि तो चक्क उभा राहिला.

"या, या! हरवलंय काही? खरंच? बसा!"

त्याला इतका आनंद का झाला, ते त्याने आपणहून सांगितले. "आधी हे कर्मचाऱ्यांचं वाचनालय होतं आणि मी ग्रंथपाल. वाचक येईनासे झाले, म्हणून साहेबांनी इथे हरवलेल्या वस्तू आणल्या. तर फोनचे मालकही येईनात. छत्रीवाले येतात, डबेवाले येतात, फोनवाला एक नाही. एवढी महाग वस्तू! मला वाटलं, लोकांना आताशा फोनची किंमतच राहिली नाही."

"ते वाजत नाहीत?" बाईंनी विचारले.

"तळघरात रेंज कुठे आहे? एखादा निरोप निसटून बाहेर जाईल इतपत. वाजला तर उचलेपर्यंत तुटतो."

मी मात्र त्याच्या डोक्याच्या वर पाहत होतो. भिंतीवर खिळ्याला एक पांढरा डबा टांगला होता, त्याला दोन शिंगे होती आणि हिरवा दिवा लुकलुकत होता. खोलीच्या दुसऱ्या टोकाला तसाच एक लहान डबा. दोन्हींवर एकेक पिवळी चिठ्ठी होती.

बाई जवळ गेल्या आणि त्यांनी मोठ्याने वाचले. "'तपासले.' खाली तारीख. खाली सही." त्या वळल्या. "काका. ही तुमची सही."

"ती देणगी आहे," कारकून अभिमानाने म्हणाला. "वाचनालय असताना एका सज्जन गृहस्थांनी दिली. इंटरनेटची लाइन केव्हाच कापली, पण देणगीची वस्तू बंद कशी करायची? कायमच्या सामानाच्या वहीत, जडसंग्रहात, नोंद आहे. चालूच ठेवलीय."

सज्जन गृहस्थ जवळच्या स्टुलावर बसले.

घरी 'दान' नावाच्या फाइलीत त्या डब्याची पोच मी स्वतः लावून ठेवली होती. तारीख पहिल्या पाहुण्याच्या तेवीस दिवस आधीची. मी वही रोज उघडत होतो. फाइल एकदाही उघडली नाही. मोजणाऱ्याने सर्वप्रथम आपला स्वतःचा काटा तपासावा, हे मी नव्या उमेदवारांना पहिल्याच दिवशी शिकवत असे.

"पाच महिने," मी बाईंना म्हणालो, "मी तुम्हाला नुसतं पाणी देऊन परत पाठवत होतो."

"आणि मी तुम्हाला चोर समजून तुमचं पाणी पीत होते," त्या म्हणाल्या. "फिट्टंफाट."

त्यांचा फोन फळीवर सर्वांत डावीकडे होता. पट्टीवरच्या तारखेला पाच महिने आणि बावीस दिवस झाले होते. सहा महिन्यांनंतर वस्तू निकाली निघते. फोन असेल तर आतले सगळे पुसून. कारकुनाने तो टेबलावर ठेवला, पण त्यावरचा हात उचलला नाही.

"खरेदीची पावती?"

"आईने घेतला होता. पावती कुठे असणार?"

"मग हा तुमचाच कशावरून?"

"चार्ज करा. मी उघडून दाखवते."

"उघडायला काय, हल्ली कोणीही उघडतं. पुरावा लागतो." तो आडमुठेपणाने बोलत नव्हता. सोळा महिन्यांत आलेला पहिला फोनमालक त्याला नियमाप्रमाणे परत पाठवावा लागेल, याचे त्यालाच दुःख होत होते.

फोन पंधरा मिनिटे चार्जिंगला लावला. बाईंनी तो उघडला आणि एक रेकॉर्डिंग लावले. आधी शिलाई मशीन थांबल्याचा आवाज आला, मग एका वयस्क बाईचा, थोडा घोगरा, घाई नसलेला:

"हं, लिही. नाहीतर नकोच लिहू, ऐक. बाही कापताना कापड ओढतं तिकडे कातर न्यायची नाही. खडू सांगतो तिकडे न्यायची. कापडाला काय, ते कुठेही ओढतं."

बाईंनी लगेच बंद केले. "बाकीचं आईसमोर ऐकते," त्या म्हणाल्या.

मग कारकुनाने चष्मा पुसला आणि नोंदवही उघडली. "मालकीचा पुरावा: पावती, बिल, पोलिसांचा दाखला. तीनच रकाने आहेत. आवाजाला रकाना नाही हो."

"फूटपट्टी आहे?" मी विचारले.

त्याने पट्टी दिली. मी त्याच्या वहीत, समासाच्या आत, इतर रकान्यांना समांतर आणि बरोबर तेवढ्याच रुंदीची एक रेघ ओढली आणि वर लिहिले: 'आवाज'. कारकुनाने ती रेघ नीट पाहिली, मान डोलावली आणि त्याखाली बरोबरची खूण केली.

माझाही फोन मिळाला; बस झाडताना तो फटीतून निघाला होता. माझ्याकडे पावती होती.

त्या फळीवर वहीतल्या आणखी नऊ जणांचे फोन निघाले. ते सगळे येऊन घेऊन गेले. टायवाल्या पहिल्या गृहस्थांचा त्यात नव्हता. पहिल्या तेरा जणांचे फोन सहा महिन्यांची मुदत उलटून केव्हाच पुसले गेले होते. मी त्यांना एकेक पत्र लिहिले, कारण सांगितले आणि चूक माझी असल्याचे कळवले. सात जणांनी उत्तर दिले. नवव्या क्रमांकाच्या बाईंनी लिहिले की त्यात मुलीच्या पहिल्या पावलांचे चित्रण होते, पण मुलगी आता धावते. ते पत्र मी वहीत लावून ठेवले आहे. आविर्भाव काय लिहावा ते मला अजून ठरवता आलेले नाही.

विशेष सभेत मी वीस मिनिटे स्पष्टीकरण दिले. सेक्रेटरी शेवटी उठून म्हणाले, "म्हणजे धूर आपल्याकडे आणि आग डेपोत. मी आग आहे हे पहिल्यापासून म्हणत होतो." टाळ्या त्यांना मिळाल्या.

भाचीने संकेतस्थळावर खरे कारण टाकले. तिच्या खाली दोन दिवसांत एकसष्ट प्रतिक्रिया आल्या. सर्वांत पसंत पडलेली अशी: 'इतकं साधं कारण असूच शकत नाही. ते काय लपवत आहेत?' प्रकरण ३१७ आजही न उलगडलेल्यांत आहे. डबे काढायला डेपोच्या मुख्य कार्यालयाची परवानगी लागते, कारण मिळालेली देणगी परत करण्याचा नियम कुठेच नाही; माझा अर्ज तिसऱ्या टेबलावर आहे. तोपर्यंत कारकुनाने स्वतःच्या जबाबदारीवर दोन्हींची पिन काढून ठेवली आहे आणि जडसंग्रहात 'विश्रांती' असा शेरा मारला आहे.

बाई आता शनिवारी येत नाहीत. मागच्या आठवड्यात मीच दुकानावरून गेलो. आई कोपऱ्यात बसल्या होत्या, समोर फोन, त्यातून त्यांचाच आवाज येत होता. एका ठिकाणी त्यांनी हात वर करून थांबवायला सांगितले, कापडावरची खडूची रेघ बोटाने पुसली आणि दोन बोटे आत नवी आखून दिली. लेक म्हणाली, "तेव्हाचं माप चुकलं होतं म्हणतेय."

वहीच्या शेवटच्या पानावर पुढील नोंद आहे.

कारण: उपग्रहाचा संकेत न मिळाल्यास फोन आसपास कोणते इंटरनेटचे डबे ऐकू येतात ते पाहतो आणि ते डबे पूर्वी जिथे नोंदले गेले असतील, तेच आपले ठिकाण म्हणून कळवतो. आमचे दोन डबे चार वर्षे आमच्या बैठकीच्या खोलीत होते आणि तिथेच त्यांची नोंद झाली. नंतर ते बस डेपोच्या तळघरात गेले. तेथे उपग्रहाचा संकेत पोहोचत नाही, म्हणून नोंद दुरुस्त झाली नाही. बसमध्ये हरवलेले सर्व फोन त्याच तळघरात ठेवले जात. डबे मी दिले होते.

तपासले. दिनांक. सही.